मोत्या मेला, हे लेकराला कसं सांगायचं?

खान्देशात जनावराशिवायचं घर सापडणं अवघड. वावरात बैलजोडी, गोठ्यात म्हैस, ओट्यावर कुत्रं, नंदुरबारकडच्या पाड्यांवर कोंबड्या आणि शेळ्या, जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटमध्ये लव्हबर्ड नाहीतर काचेच्या पेटीत चार मासे. त्यामुळे मुलांची मरणाशी पहिली ओळख आजी-आजोबांच्या आधी बहुतेक एखाद्या जनावरामुळेच होते. आणि त्या दिवशी घरातले मोठे मायेपोटी एकच करतात. मुलाला शेजारी पाठवतात, जनावर गुपचूप उचलून नेतात आणि संध्याकाळी सांगतात, "मोत्या मामाच्या गावाला गेला."

याने मुलाचं दुःख टळत नाही. ते त्याला एकट्याने, कोणाला न विचारता सोसावं लागतं, एवढंच होतं.

हा लेख साधारण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे, त्यातही ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी. तुमच्या घरात जनावर आत्ता, या क्षणी मेलेलं असेल तर फक्त पहिले दोन भाग वाचा आणि मुलाकडे जा. बाकीचं रात्री वाचलं तरी चालेल.

पहिला तास

जनावरावर स्वच्छ चादर किंवा जुनी साडी टाका. चेहरा पूर्ण झाकला नाही तरी चालेल, पण माश्या बसू देऊ नका. उन्हाळा असेल तर सावलीत, फरशीवर ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा "संध्याकाळी बघू" म्हणून चालत नाही. काही तासांतच वास सुटतो, पोट फुगतं, आणि मुलाच्या मनात मग तेच चित्र राहतं.

पुढची गोष्ट दुःखापेक्षाही तातडीची आहे. कुत्रं किंवा मांजर मरण्याआधीच्या दिवसांत विचित्र वागत होतं का? विनाकारण चावत होतं, लाळ गळत होती, पाणी गिळता येत नव्हतं, आवाज बदलला होता, मागचे पाय लुळे पडले होते? मग ते पिसाळलेलं असू शकतं. मुलाला ते चावलं असेल, ओरबाडलं असेल किंवा मुलाच्या जखमेला चाटलं असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. तसंच उठून सरकारी दवाखान्यात जा आणि झालेलं सगळं डॉक्टरांना सांगा. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की जीव वाचणं जवळजवळ अशक्य असतं. लस मात्र वेळेवर आणि पूर्ण घेतली तर वाचवते. "घरचंच तर कुत्रं होतं" हे कारण इथे धरू नका.

कोंबड्या एकामागून एक मरत असतील तर मुलाला हात लावू देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथेच सापडला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा आला.

अशी शंका काही नसेल तर मुलाचे हात साबणाने धुऊन घ्या. मग दोन मिनिटं स्वतःसाठी काढा, पाणी प्या. तुम्हालाही रडू येत असेल तर येऊ द्या. मुलासमोर रडलात तर बिघडत नाही. मोठी माणसं रडतात आणि थोड्या वेळाने त्यांना बरं वाटतं, हे मुलाला तिथेच दिसतं.

सांगायचं कोणी, कुठे, कोणत्या शब्दांत

ज्याच्या कुशीत मूल झोपतं त्याने सांगावं. ती आई असेल, आजी असेल किंवा बाबा. पाहुण्यांसमोर, शाळेच्या फाटकात किंवा फोनवरून सांगू नये. मूल शाळेत असेल तर घरी येऊ द्या, हातपाय धुऊ द्या, पाणी पिऊ द्या. पण जेवण होईपर्यंत लांबवू नका. घरात पाय ठेवताच त्याला काहीतरी झाल्याचं कळलेलं असतं.

खाली बसा, डोळ्यांना डोळे भिडतील असे. आणि घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत बोला. रोज अहिराणी बोलणारे काही आईबाप अशा वेळी एकदम पुस्तकी मराठीवर येतात आणि मूल आणखी घाबरतं. लेवा बोली असो, भिली असो की पावरी, रोजची भाषा हाच अशा वेळी आधार असतो. वाक्यं छोटी ठेवा:

"बेटा, एक वाईट गोष्ट सांगायची आहे. आपला मोत्या आज मेला. त्याला खूप आजार झाला होता, डॉक्टरांनी औषध दिलं, पण त्याचं शरीर बरं झालं नाही. आता त्याचा श्वास चालत नाही. त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. तो परत उठणार नाही."

अहिराणीत सांगायचं तर: "मोत्या मरी गया, भाऊ. आते तो येवाव नही."

एवढं बोलून थांबा. हे थांबणं मोठ्यांना फार जड जातं. आपण लगेच समजावायला लागतो, चॉकलेट काढतो, मोबाइल देतो. तसं करू नका. मूल गप्प राहील, ओरडेल, किंवा "मी खेळायला जाऊ?" असंही विचारेल. तिन्ही ठीक आहे. लहान मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यांत येतं. दहा मिनिटं रडतील, मग गोट्या खेळतील, रात्री अंथरुणात पुन्हा रडतील. खेळायला गेलेल्या मुलाला "तुला काही वाटतं की नाही?" असं विचारणं हा अन्याय आहे.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: "मोत्या कधी उठेल?" दर वेळी त्याच शब्दांत, न चिडता उत्तर द्या. ते तुमची परीक्षा घेत नसतं. एवढी मोठी गोष्ट एका ऐकण्यात आत शिरत नाही, म्हणून विचारत असतं.

जी वाक्यं मदत करत नाहीत

१९४८ मध्ये हंगेरीतल्या मारिया नागी यांनी मुलांच्या मरणाविषयीच्या समजुतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे एक प्रकारची झोप किंवा दूर कुठेतरी जाणं वाटतं, असं त्यांना आढळलं होतं. आता आपल्या घरातली दोन आवडती उत्तरं आठवा: "झोपला" आणि "गावाला गेला". मुलाच्या मनात आधीच असलेल्या दोन चुकीच्या समजुतींवर आपण मोठेपणाचा शिक्का मारतो. मग मूल रोज दारात वाट बघतं. काही मुलं झोपायलाच घाबरतात. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खरंच मामाच्या गावाला गेल्यावर मोत्याला शोधतात.

"देवाघरी गेला" हे जरा वेगळं आहे. घरात श्रद्धा असेल तर ते वाक्य खोटं नाही, आणि पुढे मुलाला त्याचा आधारही वाटतो. फक्त ते पहिलं वाक्य असू नये. आधी "मेला, शरीर थांबलं, परत येणार नाही" हे सांगा, मग "आपण मानतो की तो देवाजवळ आहे" म्हणा. उलट क्रमाने सांगितलं तर चार वर्षांचं मूल देवघरात जाऊन कुत्र्याला हाका मारतं, किंवा देवाने माझा मोत्या नेला म्हणून देवावर रुसतं. "देवाला चांगले लोक आवडतात म्हणून नेलं" हे तर अजिबात नको. चांगलं वागायचीच भीती बसेल.

आणखी एक वाक्य आपल्याकडे फार सहज निघतं: "घरावरचं संकट त्याने आपल्या अंगावर घेतलं." म्हणणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते. पण मुलगा नुकताच तापातून उठलेला असेल, तर त्याला यातून एवढंच ऐकू येतं की माझ्या बदल्यात मोत्या मेला. मुलासमोर हे बोलू नका. कोणी बोललंच तर नंतर त्याला जवळ घेऊन सांगा की तुझा ताप वेगळा होता, मोत्याचा आजार वेगळा होता, एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता.

"कोणीतरी विष घातलं असेल", "नजर लागली" या चर्चाही मुलाच्या कानावर जाऊ देऊ नका. शेजारच्या काकूंकडे बघण्याची त्याची नजर कायमची बदलू शकते, आणि तुमच्याकडे पुरावा काहीच नसतो.

शहरात कधी डॉक्टर असाध्य आजाराच्या जनावराला इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवतात. तसं झालं असेल तर मुलाला ते इंजेक्शन वेगळं असतं हे सांगायलाच हवं: "हे फक्त खूप आजारी, बरं न होणाऱ्या प्राण्यांसाठी असतं. तुला ताप आल्यावर देतात ते बरं करणारं इंजेक्शन." नाहीतर पुढच्या लसीच्या वेळी काय होईल ते सांगायला नको.

"माझ्यामुळे मेला का?"

हा प्रश्न बरीच मुलं तोंडाने विचारत नाहीत, म्हणून या भागाकडे नीट लक्ष द्या. सात वर्षांखालच्या मुलाला मनात आलेलं बाहेर घडतं असं सहज वाटतं. काल रागाने "मर तू" म्हटलं होतं आणि आज मनी मेली. शेपूट ओढली होती. पोळीचा तुकडा दिला नव्हता. मोठ्याला हे हास्यास्पद वाटेल, पण मुलाच्या पोटात त्याचा गोळा होऊन बसतो. विचारायची वाट न बघता सांगून टाका: "तू रागावलीस म्हणून मनी मेली नाही. रागावल्याने कोणी मरत नाही. तिला गाडीची धडक बसली, त्याने मेली."

आणि खरंच मुलाच्या हातून काही झालं असेल तर? फाटक उघडं राहिलं आणि पिल्लू रस्त्यावर गेलं. पिंजरा गच्चीवर उन्हात राहिला आणि लव्हबर्ड मेले. "छे, तुझा काही संबंध नाही" म्हणाल तर मूल विश्वास ठेवणार नाही. काय झालं ते त्यालाही माहीत आहे. तेव्हा खरं तेवढं मान्य करा आणि ओझं स्वतःकडे घ्या: "हो, फाटक उघडं राहिलं होतं. पण ते बंद आहे का हे बघायचं काम मोठ्यांचं. तू सहा वर्षांचा आहेस. पिल्लू मरावं असं तुला वाटलं नव्हतं, हे मला माहीत आहे." दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत फाटकाची कडी दुरुस्त करा. हाताला काम मिळालं की अपराधीपणाला वाट मिळते.

रागाच्या भरात "तूच फाटक उघडं टाकलंस!" हे आधीच बोलून झालं असेल तर माफी मागा, स्पष्ट शब्दांत. बापाने सहा वर्षांच्या पोराची माफी मागण्यात कमीपणा काही नाही.

पुरताना

मुलाला सोबत न्यायचं का, हे त्यालाच विचारा. आधी तिथे काय दिसेल ते सांगा: "आपण खड्डा खणू, मोत्याला कापडात गुंडाळून ठेवू, माती टाकू. तो हलणार नाही. तुला यायचं नसेल तर तू आजीजवळ थांब." हो म्हटलं तर न्या, नाही म्हटलं तर आग्रह नको, आणि मध्येच परतावंसं वाटलं तर सोबत कोणीतरी मोठं असू द्या. अपघातात शरीर फार बिघडलं असेल तर मात्र पूर्ण गुंडाळूनच दाखवा.

हात लावू द्यायचा का? आजाराची शंका नसेल तर लावू द्या. शरीर गार आणि कडक लागतं. "आता हे मोत्याचं शरीर आहे, त्याला काही जाणवत नाही" हे दहा वेळा सांगूनही जे पोचत नाही ते एका स्पर्शात पोचतं. नंतर पुन्हा हात धुवायचे.

खड्डा किमान तीन फूट खोल घ्या. आपली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पुरलं तर त्या भेगांतून वास बाहेर येतो आणि रात्री भटकी कुत्री उकरतात. सकाळी ते दृश्य मुलाने पाहिलं तर कालचं सगळं समजावणं वाया जातं. म्हणून वर दगड रचा, त्यावर बाभळीच्या काट्या टाका. विहीर, बोअर, पाटचारी आणि नाल्यापासून जागा लांब निवडा. प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरू नका. सुती कापड पुरे.

शहरात जागा नसेल तर नगरपालिका किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा, मेलेली जनावरं उचलण्याचं काम त्यांचं असतं. पण गाडी येण्याआधी घरातच निरोप घ्या. कचऱ्याच्या गाडीत मोत्याला टाकताना मुलाने बघू नये असं मला मनापासून वाटतं. ओळखीच्या कोणाचं वावर असेल तर दोन तास मोडून तिकडे जाणं कधीही चांगलं.

विधी काय करायचा? जनावरासाठी सुतक नाही, ठरलेला मंत्र नाही, त्यामुळे मुलाला हवं ते करता येतं. मूठभर माती, दोन फुलं, एक भाकरीचा तुकडा. कोणाला काही बोलायचं असेल तर बोलावं. मुलाने मोत्याचा चेंडू खड्ड्यात टाकायचा म्हटलं तर टाकू द्या. दुसऱ्या दिवशी रडलं तर रडू द्या. चेंडू मात्र उकरायचा नाही, हे टाकण्याआधीच सांगा.

त्या जागी झाड लावायची कल्पना छान आहे, फक्त मे महिन्यात लावू नका. उन्हात रोप जळतं आणि मुलाला दुसरं मरण बघावं लागतं. जूनमध्ये चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की कडुनिंब, जास्वंद, कढीपत्ता, जे जगेल ते लावा.

वावरातली जनावरं

शहरातल्या सल्ल्यांमध्ये हा भाग नसतो आणि आपल्याला याचीच जास्त गरज पडते.

बैल मेला की घरात दुहेरी संकट असतं, पैशाचंही आणि मायेचंही. त्या गडबडीत मुलाकडे कोणी बघत नाही. २०२२ मध्ये राज्यात लम्पीची साथ आपल्या रावेर तालुक्यातून सुरू झाली, तेव्हा अनेक मुलांनी अंगभर गाठी आलेली जनावरं रोज पाहिली. अशा साथीत मुलाला गोठ्यापासून लांब ठेवावं लागतं, खोल खड्डा घेऊन चुना टाकून गावापासून दूर पुरावं लागतं आणि ते त्याने बघणं शक्य नसतं. तेव्हा कारण सांगा: "हा आजार एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून आपण लांब राहायचं." मग घरी बैलाची घंटा किंवा झूल मुलाच्या हातात द्या आणि निरोप तिथेच घ्या.

शेळीच्या करडाचं वेगळंच असतं. मूल त्याला बाटलीने दूध पाजतं, नाव ठेवतं, आणि एक दिवस ते बाजारात विकलं जातं, किंवा सणाला, नवसाला कापलं जातं. इथे मोठ्यांचं खोटं सगळ्यात लवकर उघडं पडतं, कधी ताटातच. ज्या करडाचं पुढे असं होणार हे ठरलेलं आहे, ते आधीपासून सांगा. "हे आपल्याजवळ आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) आहे, मग ते विकायचं आहे, त्यातून तुझ्या शाळेचा खर्च निघतो." पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. दुःख होईल, पण फसवलं गेल्याची भावना होणार नाही. त्या दिवशी मटण खायला नको म्हटलं तर जबरदस्ती करू नका, थट्टाही नको. आणि जमत असेल तर, मुलाचा फार जीव जडलेलं एखादं पाठरू गोठ्यात राखायला काय हरकत आहे? शेतकरी घरं हे करत आलेली आहेत.

घरातले मोठे आणि शाळा

"एवढं काय, कुत्रंच तर होतं", "पोरगा असून रडतो?", "उद्या दुसरं आणू" ही वाक्यं बहुतेक आजोबा-काका मंडळींकडून येतात. मुलासमोर त्यांच्याशी वाद घालू नका. बाजूला घेऊन सांगा: "आबा, दोन-चार दिवस त्याला रडू द्या. तुम्ही तुमच्या लहानपणीच्या बैलाची गोष्ट सांगितली तर त्याला बरं वाटेल." ही युक्ती फार वेळा चालते, कारण आबांच्या मनातही एक बैल असतो आणि त्याच्याबद्दल त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

अंगणवाडीच्या ताईंना, शाळेतल्या सरांना किंवा बाईंना एका ओळीत कळवा, म्हणजे अभ्यासात लक्ष नसल्याचं कारण त्यांना माहीत असेल.

पुढचे आठवडे

जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा नेहमीच्याच ठेवा. मोत्याचं भांडं, साखळी त्याच रात्री फेकू नका. मुलाला विचारून ठेवा किंवा उचला. मुलं पुरण्याचा खेळ खेळतात, बाहुलीला मातीत गाडतात, "मेला, मेला" ओरडतात. बघवत नाही, पण थांबवू नका. त्यांना जे बोलता येत नाही ते ती अशी खेळून बोलतात. चित्रं काढू द्या, मोबाइलमधले फोटो एकत्र बघा. "तू मरशील का? आजी मरेल का?" हे विचारतीलच. "कधीच नाही" म्हणू नका. "सगळे कधी ना कधी मरतात, पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मी खूप वर्षं तुझ्याजवळ राहायचं ठरवलं आहे" हे खरंही आहे आणि पुरेसंही.

सणांना आठवण उसळते, त्याची आधीच तयारी ठेवा. श्रावण अमावास्येला पोळा येतो आणि गोठ्यातली एक जागा रिकामी असते. मुलासोबत मातीचा बैल करा, त्याच बैलाच्या नावाने रंगवा आणि पाटावर बाकीच्यांसोबत पुजा. आखाजीला घरात पितरांची घागर भरताना मूल विचारेल, "मोत्यासाठी नाही का?" एक छोटं मडकं वेगळं भरायला माझ्या मते काहीच हरकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पटत नसेल तर मोत्याच्या नावाने अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याचं परळ ठेवा. वैशाखाच्या उन्हात ते पाणी रोज बदलायचं काम मुलाकडे द्या.

नवं पिल्लू कधी आणायचं? मुलाने जुन्याबद्दल न रडता बोलायला सुरुवात केली आणि स्वतःहून नवं मागितलं, की मग. दुसऱ्याच दिवशी आणलेलं पिल्लू अनेकदा दोघांवर अन्याय करतं, मेलेल्यावर आणि आलेल्यावरही. नाव नवं ठेवा. कुत्र्याचं पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लसी सुरू करा, पार्वो या विषाणूच्या आजाराने मरणारी पिल्लं आपण फार बघतो. आणि पोपट आणू नका. आपल्याकडचे रानपोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मदत कधी घ्यायची

पहिले काही आठवडे अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं, पोट दुखणं, जेवण कमी होणं हे सगळं होऊ शकतं आणि हळूहळू ओसरतं. महिना-दीड महिन्यानंतरही कमी होत नसेल, मूल शाळेला जायलाच तयार नसेल, खेळणं पूर्ण थांबलं असेल, रात्री रोज दचकून उठत असेल, इतर जनावरांना इजा करत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. "मलापण मोत्याकडे जायचं आहे" असं म्हणालं तर थांबू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ फक्त आठवण येते एवढाच असतो, पण तो अर्थ आपण गृहीत धरायचा नाही, शांतपणे विचारायचं आणि जाणकाराशी बोलायचं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. आईवडिलांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.